दोन मात्रांची हरकत

छापखान्यात सगळे तिला मावशीच म्हणत. शिक्षण नववीपर्यंत, पण तीस वर्षं मुद्रितं तपासून कान असा तयार झालेला, की ओळ पुटपुटत, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत ती चूक बरोब्बर हुडकायची.

एकदा एका दिवंगत नर्सच्या कविता छपाईला आल्या. संपादक एक नामांकित प्राध्यापक. त्यातल्या एका कवितेची प्रत्येक ओळ चोवीस मात्रांची, आठ-आठच्या तीन तुकड्यांत: ‘दार उघडते, वारा येतो, दिवा विझवतो.’ मग शेवट कधी ‘धूळ उडवतो’, कधी ‘पान हलवतो’. अखेरच्या ओळीत मात्र ‘तू नाही रे’. मावशीला तो ‘रे’ खटकला. सोबत आलेली नर्सबाईंची मूळ वही उघडून पाहिली, तर तिथे नुसतं ‘तू नाही’.

प्राध्यापक आले तेव्हा तिने विचारलंच.

“दोन मात्रा कमी होत्या, मी भरल्या,” ते म्हणाले. “वृत्त बिघडत होतं.”

“मात्रा भरल्यात, पण यमक? विझवतो, उडवतो, हलवतो आणि रे? बाईंनी दोन्ही एकाच जागी मोडलंय सर. अख्खी कविता चोख मोजणारी बाई नेमकी तिथेच बरी चुकेल? तिथे वाचणाऱ्याचा श्वास अडकायला हवा. तुम्ही टेकू लावून ठेवलात.”

“म्हणजे आता तुम्ही आम्हाला छंदशास्त्र शिकवणार!”

“शिकवत नाही. मोजून दाखवते.”

मालक मध्ये पडले. “मावशी, कशाला नसती उठाठेव? सही करा आणि मोकळ्या व्हा.”

मुद्रिताच्या शेवटच्या कागदाच्या तळाशी ‘छपाईस हरकत नाही’ असं होतं. तिने ‘नाही’ खोडलं, ‘आहे’ लिहिलं आणि सही ठोकली.

पुस्तक ‘रे’सकट निघालं. मावशीची रवानगी औषधांच्या लेबलांवर झाली.

“एका अक्षरासाठी एवढं, आई?” सून म्हणाली.

“माझं असतं तर सोडलं असतं गं. ते गेलेल्या बाईचं आहे. ती काय भांडायला येणार?”

चार रविवार खपून तिने त्या कवितेवर लेख लिहिला. दोन मासिकांनी साभार परत केला, तिसऱ्याने छापला. मग प्राध्यापकांकडे वाचकांची पत्रं जायला लागली. दुसऱ्या आवृत्तीत ‘रे’ गुपचूप नाहीसा झाला. प्रस्तावनेत मावशीचं नावही नव्हतं.

मालक ओशाळून म्हणाले, “पुस्तकांचं काम परत घ्या, मावशी.”

“घेते. पण सरांना सांगा, पुढचं हस्तलिखित आणण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा म्हणावं.”