गाडीतला अबोला

माझी सासू आणि मी सात महिने एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि राहत होतो एकाच गाडीत. घरात अबोला धरणं सोपं असतं. एक चुलीपुढं बसते, दुसरी अंगणात. गाडीत कुठं जाणार? पण आम्ही धरला. दोघीही हट्टाला सारख्याच होतो, उगाच एकटीला का नाव ठेवू?

गाडी म्हणजे लिलावात निघालेली जुनी एसटी. नवऱ्याचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा होता. मुखेडचा बाजार, अर्धापूरचा बाजार, मधली गावं, असं आमचं फिरणं. नांदेडच्या एका मिस्त्रीनं आतली शिटं काढून दोन बाकडी ठोकून दिली, मागं भांड्यांच्या फळ्या आणि दाराशी स्टोव्हची जागा. मिस्त्री म्हातारा होता, त्याला आम्ही चाचा म्हणायचो. गाडी ताब्यात देताना आम्हा दोघींकडं बघून म्हणाला, "मकान भी येइच, दुकान भी येइच. झगडे कू जगा नइं छोड्या मैं." जागा लागते कुठं भांडणाला.

अबोल्याचं कारण पाणी. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, हिवाळा नुकताच लागला होता. हापसे कोरडे पडलेले, टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. एक दिवस मी दोन तांबे पाण्यात केस धुतले. सासू गाडीच्या पायरीवर बसून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "धू बाई, धू. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, केसांचंच कौतिक कर. आमची कुत्री बरी. वरसाला चार पिलं तरी देती."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी तांब्या तिच्या पायाजवळ आपटला आणि म्हणाले, "मग आजपासून कुत्रीशीच बोला."

तिनं ते खरं केलं. मीही केलं. कुत्री नवऱ्याची होती, अर्धापूरच्या केळीच्या वखारीत सापडलेली, तांबूस, एक कान मोडलेला. ती रात्रंदिवस गाडी राखायची. आता तिला आणखी एक काम लागलं. सासू कुत्रीला म्हणायची, "भाकरी करपली म्हणून सांग." मी कुत्रीला म्हणायची, "ज्यांना नको त्यांनी ठेवावी म्हणून सांग." कुत्री बिचारी दोघींकडं आळीपाळीनं बघायची. बाजारातले लोक हसायचे. नवरा आधी हसला, मग त्याला वीट आला. तो आमच्यापेक्षा त्या कुत्रीशी जास्त गोड बोलायचा, हे मी रागानं सांगत नाही, होतं ते सांगते.

उन्हाळ्याच्या शेवटाला कुत्रीच्या पोटात गोळा झाला. आधी वाटलं गाभण आहे. मग ती खाईनाशी झाली, उठताना कण्हायला लागली. मुखेडच्या जनावरांच्या डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि सांगितलं, मी बैलं आणि म्हशी बघतो, हे कापावं लागेल. लातूरला न्या. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झाला म्हणून तिथं जनावरांचा मोठा दवाखाना आला होता, आणि परभणीहून शिकून आलेला एक डॉक्टर कुत्र्यांचीसुद्धा पोटं फाडून शिवतो म्हणे.

नवऱ्यानं बाजार सोडला. सगळी भांडी गाडीतच ठेवून निघालो. निघताना त्यानं स्टार्टर मारायच्या आधी मागं वळून आम्हा दोघींकडं बघितलं. "हिला काही झालं ना, तर दोघींपैकी एकीला गाडीतून उतरवीन. तुमच्या दोघींचा कालवा लई झाला. एकीशी तरी मला नीट जगू द्या."

तो चेष्टा करत नव्हता. आणि मला उतरून जायला जागा नव्हती. माझे आईबाप दुष्काळात घराला कुलूप लावून पुण्याकडं खडी फोडायला गेले होते. सासूला औशाला लेक होती. लेकीच्या घरात सहा तोंडं आणि जावई तोंडाचा फाटका, पण दार तरी होतं.

जांब, शिरूर, चाकूर करत लातूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गावात जिकडंतिकडं नव्या पाट्या. 'जिल्हा' हा शब्द ओल्या रंगात. नळाला मात्र पाणी नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दवाखान्याच्या आवारात एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली गाडी लावायची परवानगी मिळाली. नवरा गाडी मागंपुढं करत होता, सासू गाडीत होती, म्हणून मीच कुत्रीला उचलून आत नेलं. डॉक्टर तरुण होता, नाकावर चष्मा घसरलेला. त्यानं पोट चाचपलं. म्हणाला, "निघेल. उद्या सकाळी घेतो. पण आतापासून पोटात अन्नाचा कण नको. गुंगीचं औषध देणार आहे, पोट रिकामंच पाहिजे. घरातल्या सगळ्यांना सांगा. लोक मायेनं खायला घालतात आणि मग जनावर टेबलावर जातं."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्यानं. मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांग." मी म्हणाले, "सांगते."

सांगायचं कसं ते मला रोजचं माहीत होतं. कुत्रीला मांडीवर घ्यायचं आणि तिला म्हणायचं, तुला आज उपास आहे म्हणून सांग. एवढंच. सासू तीन हातांवर बसली होती. पण मला वाटलं, आज तिनं विचारावं. आज तिला गरज आहे, मला नाही. डॉक्टर माझ्याशी बोलला होता, तिच्याशी नाही, याचा मला माजच आला होता म्हणा ना.

आणि तिनं विचारलंही. संध्याकाळी मी तिघांची ताटं वाढली, कुत्रीची थाळी पालथी ठेवली. नवरा खाऊन पाण्याची लाईन बघायला गेला. सासू कुत्रीजवळ सरकली, तिचा मोडका कान हातात घेतला आणि म्हणाली, "का गं माय, तुला आज कोणीच वाढलं न्हाई? काय चुकलं तुझं?"

मी ऐकलं. भांडं घासत होते, घासतच राहिले. ती थोडा वेळ थांबली. माझ्या पाठीकडं बघत असावी. मग तिनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी कुत्रीपुढं धरली. कुत्रीनं तोंड फिरवलं, तिला भूकच नव्हती. मी मनात म्हणाले, बरं झालं, सांगायची गरजच पडली नाही. असं म्हणून मी झोपले, आणि चांगली गाढ झोपले.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वेळी घरातले देव विहिरीत सोडले होते. नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. सासू त्यात पक्की होती, कुणी लिंबूमिरची बांधली तर तोडून फेकायची. पण एक गोष्ट तिच्या हातून सुटली नव्हती. घरातलं कुणी परीक्षेला, कोर्टाला, दवाखान्याला निघालं की त्याच्या हातावर दही घालायची. रिकाम्या पोटी उंबरा ओलांडू द्यायची नाही. देव गेले, दही राहिलं. माझा नवरा गाडीच्या लिलावाला निघाला तेव्हाही तिनं घातलं होतं आणि गाडी आम्हाला मिळाली होती.

सकाळी नवरा टँकरच्या रांगेत होता. मी हंडा घेऊन त्याच्या मागं उभी. सासूनं फळीवरची एक स्टीलची वाटी घेतली, आवाराबाहेरच्या चहावाल्याच्या बायकोला दिली आणि वाटीच्या बदल्यात दही घेतलं. त्या उन्हाळ्यात दही म्हणजे काय होतं ते ज्यांनी बघितलं त्यांनाच कळेल. गाडीतला मूठभर शिळा भात त्यात कालवला. कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक घास बोटांनी तिच्या तोंडात घातला. भाकरीला न शिवलेल्या कुत्रीनं दहीभात सगळा खाल्ला. हे सगळं नंतर चहावाल्याच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, म्हातारी कुत्रीला म्हणत होती, तुला मी उपाशी जाऊ देईन का, कोणी कितीबी वैर धरू दे.

आम्ही आलो तेव्हा थाळी घासून ठेवलेली होती.

दहा वाजता कुत्रीला आत नेलं. साडेदहाला डॉक्टर बाहेर आला. चष्मा हातात होता. "पोटात भात होता," तो म्हणाला. "गुंगीत उलटी झाली, छातीत गेली, जनावर गेलं. मी सांगितलं होतं ना?"

नवऱ्यानं आधी डॉक्टरकडं बघितलं, मग आमच्याकडं. "कोणी घातलं?"

"मी," सासू म्हणाली. तिला अजून कळलंच नव्हतं. तिला वाटत होतं, कुत्री ऑपरेशननं मेली. "मी घातलं. दहीभात. कामून?"

तो माझ्याकडं वळला. "तुला डॉक्टरनं सांगितलं होतं. तू आईला सांगितलंस का?"

एवढ्या वर्षांत मी त्या क्षणाला लई नावं देऊन बघितली. घाबरले होते म्हणाले. लहान होते म्हणाले. काहीच खरं नाही. मी विचार केला होता. लिंबाखाली गाडी उभी होती, तिचं दार उघडं होतं, आणि मला एवढंच दिसलं की आज त्यातून एक जण उतरणार.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

सासूनं माझ्याकडं बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडं. तिला कळलं. कालची पालथी थाळी, माझी पाठ, सगळं तिच्या तोंडावर उमटलेलं मी बघितलं. नवऱ्याचा हात वर गेला होता, कुणावर ते अजून ठरलं नव्हतं. मी वाट बघत होते, आता ही म्हणेल, खोटं बोलती भवानी. म्हणायलाच पाहिजे होतं. मी तिच्या जागी असते तर ओरडून सांगितलं असतं.

"हाव," ती म्हणाली. "सांगितलं व्हतं तिनं. मीच इसरले."

हात खाली आला. तो आईवर कधी उगारला गेला नव्हता, हे तिला माहीत होतं. माझ्यावर उगारला जायचा, हेही.

कुत्रीला आवाराच्या मागं पुरलं. माती दगडासारखी होती, नवऱ्यानं एकट्यानं खणली, आम्हाला हात लावू दिला नाही. मग गाडी निघाली. चौकात मुखेडचा रस्ता सोडून ती औशाकडं वळली तेव्हा दोघींनाही कळलं. सासू उठली, आपली दोन लुगडी, चंची आणि सासऱ्याचा फोटो एका पिशवीत घातला. मी बसून बघत होते.

नणंदेच्या दारात नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली आणि बहिणीला म्हणाला, "हिनं माझी कुत्री मारली. आता हिला तू सांभाळ." सासू पायरीवर थांबली. माझ्याकडं वळून म्हणाली, "त्याचं डोकं तापट हाय. पण पोट भरलं की निवतो. येळेवर वाढत जा."

मी हूं सुद्धा म्हणाले नाही. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर आलं असतं, आणि खऱ्याला गाडीत जागा नव्हती. मुखेडला पोचायच्या आत मी तिच्या बाकड्यावर ताटांची चवड लावली. धंद्याला जागा कमी पडायची, ती झाली.

त्यानंतर पाऊस झाले, मला दोन मुलं झाली, गाडी भंगारात गेली आणि मुखेडला दुकान झालं. नवरा आईला आणायला गेला नाही. मी एकदाही जा म्हणाले नाही. जावई तिला जेवताना 'कुत्रीमारी' म्हणून हाक मारायचा, असं कानावर यायचं. पाचव्या वर्षी ती गेल्याचा निरोप आला.

औशाला गेलो तेव्हा सगळं उरकत आलं होतं. नणंद मला धरून रडली. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "वैनी, शेवटच्या दिवसापर्यंत सगळं ध्यानात होतं बघा तिच्या. कुणाचं लग्न कधी झालं, कोण किती पायली ज्वारी घेऊन गेलं, तुमची पोरं कोणत्या वारी झाली. कधी काही इसरली न्हाई. मग त्या कुत्रीचंच कसं काय इसरली असंल?"

नवरा शेजारीच उभा होता. तोही माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणाले, "वय झालं होतं."