काशम्मा बसायला शिकली

नागव्वाच्या तोंडाला लागायची मंगळवार पेठेत कुणाची छाती नव्हती. अकराव्या वर्षी नवरा गेला, तशी ती माहेरी आली आणि भाऊ संगप्पाच्या भुसार दुकानामागं जोंधळा पाखडत म्हातारी झाली. भाऊ पोसतो म्हणे! कुणी असं बोललं की ती सूप आपटायची. "मग मी काय फुकट गिळते व्हय?"

भावजय बाळंतपणात गेली, तिची काशम्मा नागव्वानंच वाढवली. आठ वर्षांची पोर, पण डोक्यात नुसता कालवा. जेवता जेवता विचारणार, मुंग्या कुटं झोपतात? उत्तर येण्याआधी उठून तळ्याच्या माशांना भाकरी टाकायला पळणार. रात्री झोप नाही. मास्तरांनी चार दिवसांत घरी धाडली, म्हणाले, आधी हिला बसायला शिकवा.

"शिकू दे की बसायला, मग घालू शाळंत," संगप्पा म्हणाला. नागव्वानं तो शब्द पदरात बांधून घेतला. आपल्याला अक्षर आलं नाही, या पोरीला आलंच पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

तिच्याजवळ शिकवायला होतं काय? रोजची लिंगपूजा. पोरीच्या गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग तिनं तिच्याच डाव्या तळहातावर ठेवलं.

"ह्याच्याकडं बघ. दुसरं काय मनात आलं तर येऊ दे. गल्लीतनं टांगा गेला तर आपण मागं पळतो का?"

"मी पळते की!"

"पळतीस, भवाने! बरं, पळालीस तर माघारी ये. रागवायचं न्हाई."

साऱ्या जगावर डाफरणारी नागव्वा या एका कामात कधी रागावली नाही. पोर उठली की पुन्हा बसवायची, पाठीवरनं हात फिरवायची. दिवाळी गेली, थंडी सरत आली. एका सकाळी काशम्मा पूजेवरनं उठून म्हणाली, "आत्या, आज लई टांगे आले. मी एकात बी बसले न्हाई." नागव्वानं तिला कवटाळलं आणि ढसाढसा रडली. पोर आता रात्री गाढ झोपत होती.

पुढच्याच सोमवारी मैंदर्गीचे एक व्यापारी सहकुटुंब घरी उतरले. नागव्वाला वाटलं, मालाच्या भावासाठी आले असतील. कौतुक काही पोटात राहीना. तिनं स्वतः काशम्माला ओसरीवर पाहुण्यांसमोर पूजेला बसवलं. "बघा तरी, माझं लेकरू कसं बसतंय!"

त्यांनी बघितलं. पापणी हलत नव्हती. व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "अशीच गरीब सून पायजे." एप्रिलपासून सरकारचा कायदा लागणार होता, चौदाच्या आत मुलीचं लग्न नाही. त्यामुळं जो तो घाईत. आठ दिवसांत मांडव पडला, आणि पोर सासरीच वाढवू असंही ठरलं.

"आणि शाळंचं काय, मुडद्या?" नागव्वा भावाच्या अंगावर धावून गेली.

"बसायला शिकवायला शाळा पायजे हुती. तूच शिकवलीस की! आता कशाला शाळा?"

मग तिनं मैंदर्गीकरांना सांगितलं, पोर वेडी आहे, रात्रभर घर डोक्यावर घेते. ते हसले. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं त्यांनी.

लग्नादिवशी काशम्मा पाटावर बसली ती हललीच नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली, पोरं फुगड्या घालत होती, तिनं मान वळवली नाही. नागव्वा गर्दीतनं घुसली, तिच्या कानाशी वाकली.

"ऊठ गं. वरड, ताट फेक, पळ! मी हाय."

"आत्या, गप की," काशम्मा बापाकडं नुसता डोळा फिरवून, ओठ न हलवता पुटपुटली. "अप्पा बघतोय. गाडीत बसंपातूर हलायचं न्हाई म्हणलाय. न्हाई हलले तर उद्याच शाळंत घालणार हाय."

बाहेर मैंदर्गीचा गाडीवान बैल जुंपत होता.

"पाटी तू घेऊन येशील न्हवं?" काशम्मानं विचारलं.