सुलभाताईंची चुंबळ

नवीन मुलगी कामावर आली की सुलभाताई आधी तिचे हात हुंगायच्या. माझेही हुंगले. "खाडीचा वास येतोय," म्हणाल्या आणि दोनदा साबण लावायला पाठवलं. पेणच्या रामवाडीतल्या त्या हॉटेलात त्या हाउसकीपिंगच्या सुपरवायझर. तीन महिन्यांनी नोकरी पक्की करायची की घरी पाठवायचं, हे त्यांच्या सहीवर ठरायचं. आमचं धरमतरकडचं मिठागर बंद पडलेलं. मला ती सही हवीच होती.

पहिल्याच आठवड्यात मी चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन रिसेप्शनसमोरून निघाले. मिठाच्या पाट्या वाहिलेल्या मानेला दुसरं काही सुचलंच नाही. ताईंनी पाहुण्यांदेखत अडवलं. "हे मिठागर वाटलं का तुला? पाहुण्याला खोली साफ दिसली पाहिजे. तू दिसता कामा नयेस." हे वाक्य त्या रोज ऐकवत. मी ट्रॉली ढकलायला शिकले, भिंतीच्या कडेने चालायला शिकले, 'नाय' गिळून 'नाही' म्हणायला शिकले. आणि ताईंचा मनापासून तिरस्कार करायला शिकले.

तिसऱ्या महिन्यात ऐन लग्नाच्या गर्दीत लिफ्ट बंद पडली. वऱ्हाड खाली ताटकळलेलं, वरच्या खोल्यांत चादरी नाहीत.

"घे डोक्यावर आणि पळ," ताई म्हणाल्या.

"नाय ताई. पाहुण्यांना दिसेन ना मी!"

बाकीच्या मुली फिसकन हसल्या. मला फार बरं वाटलं. ताईंनी टॉवेल उचलला, एका पिळात त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर सगळ्यांत मोठं गाठोडं घेतलं आणि दोन्ही हात मोकळे सोडून तीन मजले चढून गेल्या. मान जराही हलली नाही. तशी मान मी फक्त आमच्या मिठागरावरच्या बायकांची पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'उलट बोलते. ठेवू नये.' कागद सरकवताना पहिल्यांदाच आमच्या बोलीत म्हणाल्या, "वीस वर्सं झाकून ठेवलं व्हतं गो. तू एका दिवसात उघडं पाडलंस."

मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

आता मी रोह्याला एका हॉटेलात सुपरवायझर आहे. कुणाचे हात हुंगत नाही. परवा कासू गावची नवीन मुलगी गाठोडं डोक्यावर घेऊन रिसेप्शनसमोरून गेली. मी तिला अडवलं नाही. पण पाहुणे बघतायत का, ते आधी पाहिलं.