वर्कस्टेशनमधली ढोलकी

कीबोर्ड निवडायला ढोलकीवाल्या मामांना सोबत नेण्याचं कारण साधं होतं. आमच्या ऑर्केस्ट्रात सर्वांत चांगला कान त्यांचा होता. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. नवं यंत्र आलं की ताल यंत्रच धरणार, आणि ठरलेल्या कार्यक्रमात त्यांना जागा नसणार.

कार्यक्रम हिंगोलीतल्या एका नृत्यवर्गाचा होता. तिथं काही गृहिणी, शिक्षिका आणि दोन परिचारिका साल्सा शिकत होत्या. शिकवणाऱ्या बाईंना वार्षिक कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायची नव्हती. समोर वाजवणारी माणसं हवी होती. मंच तिघांपुरताच होता. गायिका, ट्रम्पेटवाला आणि मी, असं मी ठरवून टाकलं होतं. मामा मात्र पंधरा दिवस आपल्या गावी, कुरुंद्यात, दोन ढोल उभे करून साल्सातल्या कोंग्याचा, म्हणजे हातानं वाजवायच्या उभ्या ढोलाचा, ताल तळहातानं बसवत होते.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार मामांना ओळखत होता.

“मामा, आता म्हातारपणी पियानो शिकता का काय?”

“मी न्हाई. हा पेपरवाला घेऊन राहिला. मी बेसूर पकडायला आलो.”

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. मामांनी हे नाव सोडलं नाही.

परवडेल अशा दरात तीन वर्कस्टेशन होती. वर्कस्टेशन म्हणजे कीबोर्ड, वाद्यांच्या आवाजांचा साठा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत. साल्सात पियानो एकच छोटी आकृती मिनिटंच्या मिनिटं फिरवत राहतो, त्यामुळे पट्टी दाबल्यावर झटकन वर यावी लागते. पहिल्या पेटीच्या पट्ट्या सुस्त होत्या. दुसरीत पियानो, बास आणि ट्रम्पेट एकदम वाजवले की आधीचे स्वर तुटत होते. तिसरी वापरलेली होती. दोन पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, पण डाव्या हाताला बास आणि उजव्याला पियानो ठेवून ती जोडी एका बटणावर साठवता येत होती. कोंगा किंवा घंटा, तालातलं कुठलंही वाद्य वेगळं बंद करता येत होतं. बाहेरचे ताल भरायला मेमरीही मोठी होती.

मामा डोळे मिटून ऐकत होते. “हीच घ्या. हिचा पियानो बराबर बोलून राहिला.”

सौदा जमतोय हे पाहून दुकानदार खुलला. “हिच्यात मराठी तालांचा पॅक मी फुकट भरलाय. लग्नसराईत सगळे हाच मागतात.” त्यानं बटण दाबलं.

ढोलकी सुरू झाली. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ‘टक’ असा बारीक आवाज येत होता. मला आधी तो स्पीकरचा दोष वाटला. मी पुन्हा लावायला सांगितलं आणि मात्रा मोजल्या. आठव्या मात्रेवर टक. पुन्हा आठव्यावर टक.

मामांच्या उजव्या हातात पूर्वी तांब्याचं कडं असे. वाजवताना ते ढोलकीच्या खोडाला लागायचं. पुढं मनगट सुजलं, तेव्हा सोनारानं ते कापून काढलं. त्यानंतर ती टक आम्ही ऐकली नव्हती.

“हे कोनं वाजवलं?” मामांनी विचारलं.

“कोणी नाही, मामा. पॅक आहे.”

“मी वाजवलंय.”

दुकानदार हसला. “मग सही द्या, फ्रेम करून लावतो.”

“थांब. पुढचं बटण दाबू नको. मी सांगतो.” मामांनी दुसरा ताल काउंटरवर वाजवून दाखवला. दुकानदारानं बटण दाबलं. तोच ताल निघाला. तिसराही तोच. चौथ्याच्या आधी मामा म्हणाले, “ह्याच्यात मी मधीच चुकलो हाय. पुन्हा वाजवतो म्हणलं, तर ते म्हणले राहू द्या.”

बटण दाबलं. चूक होती. त्यांनी सांगितली तिथंच होती.

दुकानदाराचं हसू गेलं.

मामांनी सांगितलं ते एवढंच: बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्टुडिओवाल्यानं त्यांना दिवसभर बसवलं होतं. नमुना पाहिजे, असं म्हणाला होता. चहा, जेवण आणि बसचं भाडं दिलं होतं.

“हे किती जणांकडं गेलं?” त्यांनी दुकानदाराला विचारलं.

“माझ्याकडं पण कुणाकडून तरी आलं, मामा. मी किती जणांना भरून दिलं, मलाच आठवत नाही.”

मामा स्टुलावर बसले. “दोन वर्सांत मला एका लग्नाचं बोलावणं न्हाई. लोक म्हणत्यात, मशीनवाला सांगितला.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुमीबी तेच करणार होते ना? मी मंच पाहून आलो. तिघांचा हाय.”

मी हो म्हणालो.

“मग माहीत असून तुम्ही आलात कशाला?” मी विचारलं.

“मशीन तरी चांगली घ्यावी म्हणून. बेसूर डब्यानं हाकललं असतं, तर जास्त लागलं असतं.”

दुकानदार पॅक पुसून देतो म्हणाला. मामांनी हात हलवला. “इथून पुसून काय होतं?” त्यांनी स्वतःच लॅटिन तालाचं बटण शोधून दाबलं आणि स्पीकरला कान लावला. कोंगा वाजत होता. ते बराच वेळ तसेच वाकून होते.

“काय ऐकता?” मी विचारलं.

“हा कोन हाय, ते. त्याला तरी माहीत असंल का?”

मी तीच पेटी घेतली. कार्यक्रमात तिच्यातल्या कोंग्याचा भाग बंद ठेवला. मामा मंचाच्या पायरीशी, खाली सतरंजीवर दोन ढोल घेऊन बसले होते, कारण वर जागा खरोखरच तिघांची होती.