पिवळ्या जेलमधली पंगत

मालोजीरावांचे पूर्वज हिंदी मुलखातल्या मराठी संस्थानच्या फौजेत तलवार चालवत असत, असं ते स्वतःच सांगत. स्वतः मालोजीरावांनी आयुष्यभर वरणाचा डाव चालवला. राजवाड्याच्या आसपास कुठल्याही मराठी घरात मुंज असो की बारसं, उपरणं कमरेला खोचून हा माणूस पंगतीच्या टोकाला हजर. बोलावणं आलेलं असेच असं नाही. आग्रह असा, की जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायचे. "अरे भिया, एवढ्यानं काय होतंय? घरचंच आहे," म्हणायचे; भैयाचं तिकडे भिया होतं. घर दुसऱ्याचं असे.

त्यांच्या घराण्याचा एक रिवाज होता. वडिलांच्या पुण्यतिथीला जेलमधल्या कैद्यांना गोड जेवण. जेल लहानशीच, भिंतींच्या रंगावरून लोक तिला पिवळी जेल म्हणत. हा रिवाज आजोबांनी का सुरू केला, कोणाला ठाऊक नाही. "आत टाकलेले निम्मे त्यांनीच टाकले असतील," असं भानुमतीबाईंचं, म्हणजे मालोजीरावांच्या सौभाग्यवतींचं मत. या पुण्याईवर मालोजीराव जेलच्या पाहणी समितीवर होते. पाहणी म्हणजे जेलरच्या खोलीत पोहे-जलेबी, बराकीतून एक फेरी, आणि शेवटी शेरा, 'व्यवस्था उत्तम'. त्यांना ती खरंच उत्तम वाटे. जो माणूस दुसऱ्याच्या पोह्यांवर इतक्या मोकळ्या हातानं शेव घालतो, तो वाईट कसा असेल?

मग मिल बंद पडली. दिल्लीत बाजार मोकळा करायची भाषा चालली होती, आणि इकडे भोंगा मुका झाला. भोंग्यावर उठणाऱ्या वस्त्या सवयीनं पहाटे जाग्या होऊन नुसत्या बसून राहू लागल्या. यंत्रं न्यायला ट्रक आले तेव्हा कामगार फाटकात आडवे झाले. दगड पडले, लाठ्या पडल्या, आणि बरेच जण पिवळ्या जेलमध्ये गेले. त्यांत विणकामाच्या खात्यातला पांडुरंग होता.

पांडुरंगची बायको सुहासिनी लग्नघरांत पुऱ्या लाटायला जाई, म्हणून मालोजीराव तिला ओळखत. एका दुपारी ती त्यांच्या ओटीवर येऊन उभी राहिली.

"काकासाहेब, आत मारताहेत हो. मिलच्या लोकांना. मला भेटू देत नाहीत. तिथून सुटून आलेला एक जण म्हणाला, तुझ्या आदमीला उचलून संडासला न्यावं लागतं."

"छे, छे. जेलरला ओळखतो मी. शरीफ माणूस आहे."

"तुम्हाला पोहे खिलवतो म्हणून?"

आतून भानुमतीबाई म्हणाल्या, "बरोबर विचारतेय ती."

सुहासिनीनं अर्ज केला होता, त्यावर चौकशीही लागली होती. निवेदिता मॅडम म्हणून तरुण डिप्टी कलेक्टर आत जाऊन आल्या. त्यांनी प्रत्येकाला विचारलं. जेलर मागे उभा होता. प्रत्येकानं एकच सांगितलं, "गिर गया था, साहब."

"मॅडम म्हणतात, कोणी बोललंच नाही तर मी काय लिहू? या आठवड्यात चौकशी बंद होईल," सुहासिनी म्हणाली. "मग तो तिथेच मरेल, काकासाहेब. बाहेरच्या डॉक्टरनं एकदा बघितलं ना, तरी वाचेल."

मालोजीरावांना रडणारं माणूस आणि उपाशी माणूस, दोन्ही बघवत नसे. "परवा पुण्यतिथी आहे," ते म्हणाले. "त्याचं पान माझ्यासमोर मांडतो. मॅडमनाही बोलावतो, अधिकाऱ्याला पानाचं बोलावणं असतंच आपल्याकडे. पोटभर जेवताना त्याला बघतो आणि तुला येऊन सांगतो."

हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं. चौकशी वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हती. डोक्यात बासुंदीचं दूध होतं.

पुण्यतिथीच्या दुपारी जेलच्या अंगणात पानं मांडली गेली. समोरासमोर दोन ओळी, मधून वाढप्यांना वाट. जेलरसाहेब आणि निवेदिता मॅडम कडेला खुर्च्यांवर. कैदी येऊन बसू लागले. मिलचे लोक हळूहळू बसत होते, हात टेकून, दात आवळून. मालोजीरावांना वाटलं, बिचारे संकोचताहेत. पांडुरंगला दोघांनी धरून आणलं. तो पानासमोर आला आणि उभाच राहिला.

"बसा, पांडुरंगराव, बसा."

"इनका व्रत है, बाबूजी," जेलर खुर्चीवरून म्हणाला. "खड़े खड़े खाएगा."

"कुठलं व्रत? जगातली सगळी व्रतं आमच्या घरी होतात, जेलरसाब. उभ्यानं जेवायचं एकही नाही त्यात." मग पांडुरंगकडे वळून, "लाजता काय? आपल्या घरचंच आहे." आणि लग्नात एखाद्या रुसलेल्या व्याह्याला बसवावं तसा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं दाब दिला. चांगला भरपूर दाब. आग्रह त्यांच्या हातातच होता.

पांडुरंग अर्धा खाली गेला. ओरडला नाही. त्यानं मालोजीरावांचं उपरणं मुठीत धरलं आणि तोंड त्यांच्या पोटात खुपसलं. वरून मालोजीरावांना दिसलं, की मागे मांडीवर पायजम्याला पुवाचा ओला पिवळसर डाग पसरतोय, आणि वास आला. पायाचे तळवे काळेनिळे, फुगलेले. ते त्यानं जमिनीला पूर्ण टेकवलेच नव्हते.

मालोजीरावांनी त्याला काखेत हात घालून परत उभं केलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या ओळखीच्यांपैकी कोणी हे पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता, तोही मालोजीरावांसाठी.

मॅडम उठून जवळ आल्या. "काय झालं याला?"

पांडुरंगनं मान खाली घातली. "गिर गया था."

पानं वाढून झाली होती. पुऱ्यांवर माशा बसायला लागल्या. आपल्याकडे यजमानानं हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय पंगतीत कोणी घासाला हात लावत नाही, आणि एवढ्या वर्षांत हे त्या कैद्यांनाही पाठ झालं होतं. सगळे मालोजीरावांच्या तोंडाकडे बघत होते. मालोजीरावांनी हात जोडले नाहीत.

"शुरू करवाओ, भिया," जेलर म्हणाला. "खाना ठंडा हो रहा है."

"एक पान रिकामं आहे," मालोजीराव म्हणाले. "हे बसले की म्हणतो."

"वो नहीं बैठेगा."

"का?"

जेलरनं मॅडमकडे बघितलं. मालोजीराव हातात डाव घेऊन तसेच थांबले. डावातलं वरण थेंब थेंब पायावर पडत होतं. उन्हं पानांवर आली. कोणी जेवेना. मग समोरच्या ओळीतला एक म्हातारा मिलवाला जमिनीवर तळहात टेकून, गुडघ्यावर येऊन, कसाबसा उभा राहिला.

"मुझसे भी नहीं बैठा जाता, साहब. क्षमा करना."

त्याच्या शेजारचा उठला. मग पलीकडचा. 'मारलं' हा शब्द कोणीही उच्चारला नाही. मिलची माणसं नुसती एकेक करून उभी राहत गेली आणि बाकीचे कैदी बसून त्यांच्याकडे वर बघत राहिले.

"मॅडम, जेल का डॉक्टर इन सबको देख चुका है," जेलर म्हणाला.

"आता बाहेरचा बघेल," निवेदिता मॅडम म्हणाल्या. शिपायाला गाडी आणायला पिटाळून त्यांनी आपली खुर्ची ओढून दोन ओळींच्या मधोमध ठेवली आणि तिथे बसल्या. "गाडी येईपर्यंत मी इथून हलत नाही. काका, तुम्ही वाढा. उभ्यानं जेवू द्या त्यांना."

लग्नांत नुकतंच आलेलं बुफे मालोजीरावांना नामंजूर होतं. उभ्यानं फक्त घोडे खातात, असं ते यजमानाच्या तोंडावर सांगत. त्या दिवशी त्यांनी उभ्या माणसांच्या हातांत द्रोण दिले, ज्यांची बोटं मिटत नव्हती त्यांच्या तोंडाशी धरले, आणि कोणालाही आणखी घ्या म्हटलं नाही.

मोठ्या इस्पितळात पांडुरंगला पालथं निजवलं. पायाचं हाड सडायला लागलं होतं. चार दिवसांत पाय गेला असता किंवा माणूस, असं डॉक्टर म्हणाले. जबानी घ्यायला मॅडम आल्या तेव्हा उशाशी सुहासिनी होती आणि दाराशी मालोजीराव.

"कोणी मारलं?"

पांडुरंग उशीत बोलला. "परत तिथेच जायचंय ना, मॅडम."

"तिथे नाही. तसा हुकूम मी काढून आले आहे."

"दुसरीकडेही त्यांच्यासारखेच असतील."

यावर मॅडमना खोटं बोलता आलं नाही. मालोजीरावांच्या जिभेवर नेहमीचा आग्रह आला असणार, कारण ते एक पाऊल पुढे झाले. पण मग तिथेच थांबले.

सुहासिनी खाली वाकली. "नाही बोललास तरी मी तुला इथून घेऊन जाईन," ती म्हणाली. "पण तो म्हातारा उठला होता ना रे, तुझ्यासाठी."

पांडुरंगनं नाव सांगितलं. हुद्द्यासकट, आणि बरोबर कोण कोण होते तेही. मॅडम लिहीत गेल्या. मध्ये एकदा त्यांनी हात थांबवून पाणी मागितलं.

त्याला जामीन मिळाला. पाय राहिला, पण सरळ होत नाही. मिलच नाही, तेव्हा मागापाशी उभं कसं राहायचं हा प्रश्न त्याला पडत नाही, असं तो हसून सांगतो आणि सुहासिनी हसत नाही. मालोजीरावांचं नाव समितीतून गेलं. चौकशीत मारहाण सिद्ध झाली, आणि जेलरची बदली झाली, एका दुसऱ्या गावी. तिथेही जेल आहे.