उफराटीची उजवी जागा

या सदरातले गूढ अनुभव मी नियमित वाचते, पण ज्या हेतूने ते छापले जातात त्या हेतूने नव्हे. हॉस्टेलवर आम्ही मैत्रिणी ते मोठ्याने वाचतो आणि प्रत्येकाला एक रकाना देतो... ताप, वारा, अपचन, किंवा सरळ थाप. आणखी एखाद्या रकान्याची गरज आम्हांला कधी पडली नाही. मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करते आहे, पुढे संशोधनासाठी परदेशी जाण्याची खटपट चालू आहे, आणि जे मोजता येत नाही त्याविषयी बोलताना माणसाने निदान संकोच तरी बाळगावा असे माझे मत आहे. त्यामुळे हे लिहिताना मला पुरेसा संकोच वाटतो आहे. तरी लिहिते, कारण माझ्या वडिलांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

माझे वडील, म्हणजे अण्णा, महाडला वकिली करतात. त्यांना मोटारींचा नाद आहे. मात्र चार लोक ज्या गाडीचे कौतुक करतील तिच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. जी बघून लोक हसतात, तिच्याभोवती ते तास तास फिरतील. “कुणालाच नको असलेल्या गाडीत करणाऱ्याचा हट्ट शिल्लक असतो, कुमुद,” असे ते म्हणतात. आमची गाडी त्यांना अशीच मिळाली. महाबळेश्वरला एका परदेशी मास्तरांच्या बंगल्याबाहेर ती झाडाखाली पाने अंगावर घेत उभी होती. मास्तर मायदेशी गेले, गाडी कोणी घेईना. अण्णा कामासाठी वर गेले होते. येताना ते तिच्यातूनच आंबेनळी घाट उतरले.

तिचे सगळेच उफराटे. कासवासारखी पाठ, त्या पाठीत इंजिन, आणि पुढचे झाकण उघडले की आत आमच्या बॅगा. दारे पुढून मागे उघडत. वळायचे असले की दाराशेजारच्या खांबातून एक पिवळा दांडा हातासारखा बाहेर येई आणि गावातली मुले तो बघायला धावत. अण्णांचे एक जुने पक्षकार सखाराम पहिल्यांदा पुढचे झाकण उघडलेले बघून म्हणाले होते, “वकीलसाहेब, इंजिन घरी इसरलात काय?” महाडात तिचे नाव ‘उफराटी’ पडले ते पडलेच.

पण तिला रेडिएटर नव्हता; वाऱ्यानेच इंजिन थंड राही. उन्हाळ्यात बड्या लोकांच्या मोटारी घाटात तोंड उघडून वाफ सोडत उभ्या असत आणि आमची उफराटी शिवणयंत्रासारखा आवाज करत त्यांच्यासमोरून निघून जाई. अण्णा त्या वेळी मुद्दाम हात जोडून त्यांना नमस्कार करीत. जगाहून वेगळ्या रीतीने बांधलेली वस्तूही नियमांना धरून चालते, हा विज्ञानाचा पहिला धडा मी त्या गाडीच्या मागच्या झाकणाखाली हात काळे करून शिकले.

तिच्यात एकच खरा धोका होता. तिचे स्टिअरिंगचे चाक डावीकडे होते. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो; त्यामुळे पुढे एखादी लॉरी असली की डावीकडच्या चालकाला तिच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. समोरून काही येते आहे का, हे उजवीकडे बसलेल्यानेच सांगायचे. आमच्या घरी हे काम आईचे. तिने त्यासाठी दोनच शब्द ठरवले होते. रस्ता रिकामा असेल तर ‘मोकळं’, नसेल तर ‘दम’. तिसरा शब्द काढायचा नाही, कारण घाटात तिसऱ्या शब्दाला वेळ नसतो. नऊवारीतली आई उजवीकडे, जिथे बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हर असतो तिथे, हाताची घडी घालून बसे. समोरून येणाऱ्यांना वाटे, हीच गाडी चालवते आहे. पोलादपुरात एकदा एक म्हातारी रस्त्याकडेला सरकत ओरडली होती, “अगो, वकिलीणबाय हात सोडून गाडी हाकते!” आई त्यावर आठवडाभर हसत होती.

आता त्या दिवसाविषयी.

मागच्या पावसाळ्यात मी सुटीला घरी आले होते. आई बारशासाठी नातेवाइकांकडे गेली होती, म्हणून अण्णांच्या उजवीकडे मी बसले. पोलादपूरजवळच्या सखारामकाकांच्या जमिनीची पाहणी भल्या सकाळी करायची होती. पाहणी चालू असतानाच अण्णांच्या पोटात दुखू लागले. दुपारपर्यंत त्यांना उभे राहता येईना. काकांनी आणि मी त्यांना गाडीत घालून पोलादपूरच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पोटावर बोटे टेकवली मात्र, अण्णा किंचाळले.

“अपेंडिक्स आहे,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. “फुटायच्या बेतात आहे. अंधार पडायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.”

“महाडला नेते.”

“सावित्री नदीचं पाणी रस्त्यावर आलंय. दहा वाजल्यापासून महाडहून एकही गाडी आलेली नाही. वर न्या, महाबळेश्वरला सर्जन आहेत. गाडी कोण चालवणार?”

मी म्हटले, “मी.” परवाना माझ्याकडे होता. घाट मी एकदाही चढवला नव्हता.

अण्णांना मागच्या बाकावर गुडघे दुमडून आडवे केले. उजवीकडे सखारामकाका बसले. “ताई, हितं बसलो का मला वाटतं बिरेक माझ्याच पायाखाली हाय,” असे म्हणून त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि ते शेवटपर्यंत उचलले नाहीत. दोन शब्दांचा नियम मी त्यांना समजावून सांगितला. पहिल्याच वळणावर ते म्हणाले, “येतोय असा वाटतो... पण नाय पण येत... थांब गो जरा, म्हैस हाय ती.” एरवी मी हसले असते.

घाट सुरू झाला आणि धुके उतरले. एका चढावर दरडीची माती रस्त्यावर आली होती. तिच्यातून जाताना गाडीने दम टाकला आणि ती बंद पडली. तिघांचे वजन घेऊन त्या चढावर पुन्हा निघण्याची ताकद तिच्यात नव्हती, हे मला आकडेमोड न करताही कळत होते. काका उतरले. मागच्या बाकाचे दार उघडून अण्णांजवळ काहीतरी वाकून केले, मग मागे जाऊन खांदा लावला. गाडी हलली. आरशात मला फक्त पांढरे धुके दिसत होते, त्यातून त्यांचा आवाज आला — “थांबू नको गो ताई! थांबलीस तर परत उचलायची नाय! जा तू!”

मी थांबले नाही. उजवी जागा रिकामी झाली.

पुढच्या काही वळणांनंतर एक लॉरी लागली. लाकडे भरलेली, माणूस चालेल त्याहूनही हळू चढणारी. तिच्या मागे राहिले असते तर अंधाराच्या आत पोचणे शक्य नव्हते, शिवाय त्या वेगात माझे इंजिन पुन्हा बंद पडले असते. पुढे जायचे तर समोरचे दिसत नव्हते. मी मान जितकी लांबवता येईल तितकी लांबवली. लॉरीची पाठ, साखळदंड, ओले ओंडके... बाकी काही नाही. मी गाडी किंचित उजवीकडे काढली.

“दम.”

शब्द स्पष्ट होता. मी गाडी आत ओढली. दुसऱ्याच क्षणी धुक्यातून एक एस.टी. उतरली, बत्त्या न लावलेली, इतकी जवळून की तिच्या चाकांचा चिखल माझ्या काचेवर बसला.

अण्णा उठून बसले असावेत, उजव्या काचेला टेकून बघत असावेत, एवढाच विचार माझ्या मनात आला. तशा वेदनेत! मी ओरडले, “अण्णा, बोलू नका, त्रास होईल!” मागून उत्तर आले नाही. थोड्या वेळाने, तितक्याच शांतपणे —

“मोकळं.”

मी गेले. लॉरीच्या बाजूने, समोरचे काहीही न दिसता, त्या एका शब्दावर गेले. रस्ता मोकळा होता.

घाट संपेपर्यंत असेच चालले. प्रत्येक आंधळ्या वळणावर, प्रत्येक लॉरीच्या मागे तो शब्द येई. कधी हा, कधी तो. एकदाही चुकला नाही. एकदा ‘दम’ आल्यावर मी वाट बघत राहिले, समोरून काहीच येईना, मी चिडून गाडी बाहेर काढणार तोच पुन्हा “दम”... आणि वरून एक बैलगाडी आली, तिच्या मागे तीन गुरे आणि छत्री घेतलेला माणूस. मला आठवते, मला त्या वेळी बरे वाटत होते. अण्णा शुद्धीवर आहेत, बोलत आहेत, म्हणजे वेळ अजून गेलेली नाही, असा माझा हिशेब होता.

दवाखान्याच्या पायरीशी त्यांना उतरवले. नर्सने त्यांच्या तोंडातून त्यांचेच उपरणे ओढून काढले. त्याचा घट्ट बोळा झाला होता आणि त्यावर दातांचे खोल वळ उठले होते. ते मी डोळ्यांनी पाहिले. पाहिले, आणि त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही. त्यांना आत नेले, दार बंद झाले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “अगदी वेळेवर आणलंत.”

अण्णांना बोलण्याइतकी ताकद आली तेव्हा मी त्यांच्या खाटेशी बसले होते.

“कुमुद,” ते म्हणाले, “चांगली चालवलीस. पण एक सांग, तू स्वतःलाच का सांगत होतीस?”

“काय?”

“मोकळं, दम. तुझ्या आईसारखं. ऐकून धीर येत होता. मध्येच मला म्हणालीस, बोलू नका. मी विव्हळतोय ते तुला ऐकू जातंय म्हणून मी आणखी दात आवळले.”

“अण्णा, ते तुम्ही म्हणत होतात.”

“मी?” ते माझ्याकडे बघत राहिले. “सखारामनं माझ्या तोंडात उपरणं कोंबलं होतं. दातखीळ बसावी तसं. मी काय बोलणार? आणि मला दिसत काय होतं? गाडीचं छप्पर.”

मग त्यांनी हळूच विचारले, “मग आवाज कुणासारखा होता?” मला तो त्यांचा वाटला होता, त्यांना माझा. एका शब्दापुरता आवाज तो, इंजिनाच्या घरघरीतून आलेला.

मी काय काय तपासले ते सांगते. सखारामकाका तर तेव्हा कित्येक वळणे मागे होते; ते रात्री चिखलाने माखून चालत दवाखान्यात पोचले. अण्णा ग्लानीत होते, हे मान्य. पण मी ग्लानीत नव्हते. भीतीने माझ्या मनाने तो आवाज तयार केला असे धरले, तर तो त्यांनाही कसा ऐकू आला? त्या गाडीत आम्ही दोघांनीही आईचे ते दोन शब्द असंख्य वेळा ऐकले आहेत, सवयीने दोघांच्याही कानांनी ते आपोआप भरून काढले... हे माझे सर्वांत चांगले स्पष्टीकरण आहे, आणि तेही एस.टी.पाशी येऊन अडते. सवयीला एस.टी. येणार हे माहीत नसते. कदाचित माझ्या कानांनी तिचा आवाज नकळत टिपला असेल, म्हणून थंडीच्या दिवसांत मी त्याच घाटात प्रयोग केला. अण्णा चालवत होते, आई उजवीकडे तोंड मिटून, खरे काय ते अण्णांना हाताने खुणावत बसली होती, आणि मी डोळे बांधून आधी पुढच्या दोन जागांच्या मध्ये वाकून, मग मागच्या बाकावर आडवी होऊन, केवळ कानांवर विसंबून ‘मोकळं’ आणि ‘दम’ सांगत होते. माझी उत्तरे नाणेफेकीहून बरी नव्हती. मागे तर इंजिन डोक्याशीच. समोरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. शेवटी आईच म्हणाली, “पुरे आता. घाटात असले खेळ नकोत.”

आईने या साऱ्यावर एकही प्रश्न विचारला नाही. मात्र त्या प्रयोगानंतर ती उजवीकडे बसेनाशी झाली. दार उघडून सरळ मागे जाऊन बसते. मी एकदा चिडून कारण विचारले तेव्हा म्हणाली, “पुढं अडचण होते गो.” कोणाला, ते तिने सांगितले नाही.

मी अण्णांना गाडी विकायची गळ घातली. नेहमीसारखी, उजव्या चाकाची एखादी गाडी घ्या म्हटले. ते म्हणाले, “हिला कोण घेणार?” आणि विषय संपवला. ते आता बहुतेक वेळा एकटेच जातात, पोलादपूरला, वरंधला, आंबेनळीतून वर. मागच्या सुटीत मी त्यांच्या मागे बसून गेले. एका लॉरीमागे आल्यावर त्यांनी वेग कमी केला, मान किंचित उजवीकडे कलती केली आणि थांबले. पुढे काही दिसत नव्हते. मला काहीही ऐकू आले नाही. त्यांनी मात्र मान हलवली आणि गाडी बाहेर काढली. रस्ता मोकळा होता.

“अण्णा, तुम्हांला काय ऐकू आलं?”

“परीक्षेला बसवल्यासारखं विचारू नकोस,” ते हसून म्हणाले.

वाचकांना याची उपपत्ती सुचली तर मला ती हवी आहे, आणि ती ताप, वारा, अपचन यांपैकी असली तर मला आनंदच होईल. तो आवाज कोणाचा, याने माझी झोप तितकी जात नाही. तो कशावरून सांगतो हे मला ठाऊक नाही. आणि जे उपकरण कशावर चालते ते ठाऊक नसते, ते कधी बंद पडेल हेही ठाऊक नसते. त्या दिवशी तो एकदाही चुकला नाही. पण मी आता हॉस्टेलवर आहे, उद्या कदाचित समुद्रापलीकडे असेन, आणि अण्णा कुठल्यातरी लॉरीमागे मान कलती करून वाट बघत असतील.