भुईकाट्याची पिलावळ

मंचरच्या एका संगणकवाल्याने मला फसवले आणि वर बदनामही मलाच केले.

महाळुंगे पडवळच्या रस्त्याला माझा भुईकाटा आहे. भरलेला ट्रॅक्टर लोखंडी फलाटावर उभा केला की आत संगणकावर वजन उमटते. आमचे घर मूळचे मेंढपाळाचे. वडील लोकर विकायचे. मी जुना काटा हुडकून, घासाघीस करून घेतला आणि स्वतःच्या हिमतीवर उभा केला. त्यामुळे त्याला कोणी नाव ठेवले की माझे डोके फिरते.

संगणक घेतानाही मी त्या माणसाला इतका पिळला, की शेवटी तो वैतागून म्हणाला, "न्या राव एकदाचा! विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून देतो. कटकट न्हाई. बटण दाबलं की काट्याचा प्रोग्राम आपोआप उघडंल."

उघडला की! पहिल्या सकाळी पडद्यावर प्रोग्रामची एक खिडकी उघडली, दुसऱ्या सकाळी दोन, मग तीन. मेंढ्यांना कोकरे व्हावीत तशी त्या प्रोग्रामची पिलावळ वाढत चालली. काट्याकडून येणारी तार त्यातल्या एकीच्याच हाती लागायची, बाकीच्या शून्य दाखवत बसायच्या. आणि पडद्यावर सगळ्यांत वर नेमकी शून्यवाली.

निमगाव सावाचा एक कांदेवाला, माझे जुने गिऱ्हाईक, दारातून डोकावून म्हणाला, "भाऊ, माझा कांदा हवेचा झाला काय? ट्रॅक्टर बी गायब केला तुमी!"

सगळे हसले, मीही हसलो. मग मी वरची खिडकी बाजूला सारली आणि मागून खरे वजन निघाले. त्याचे हसू तिथेच थांबले.

"म्हंजी दोन काटे हायेत व्हय? एक आमाला दाखवायचा आन् एक तुमचा?"

मी चिडलो, समजावले, पुन्हा चिडलो. त्याने पुढची खेप दुसऱ्याच्या काट्यावर नेली.

मी संगणकवाल्याला फोन लावला. तो यायलाच तयार नाही. "प्रोग्राम बिघडलाय, नवा घ्या," एवढेच. मी त्याला नको नको ते बोललो. त्याने त्याचा सूड चहाच्या टपरीवर उगवला. चार लोकांत सांगितले, "त्यांनीच माझ्याकडून दोन-दोन प्रोग्राम टाकून घेतलेत."

माझा थयथयाट बायको शांतपणे बघत होती. काट्यावर मी नसेन तेव्हा तीच बसते.

"मी संध्याकाळी बसले ना, की दुसऱ्या दिशी एकच खिडकी येती," ती म्हणाली.

"तू काय मंतर घालतीस?"

"मंतर कसला? घरी जाताना सगळ्या खिडक्या बंद करते. तुमी करता का?"

मी करत नाही. वडील लोकर मापायची तागडी कधी खुंटीवरून उतरवत नसत. टांगती तागडी उतरवली तर धंदा उतरतो, असा आमच्या घरातला समज. म्हणून मी काट्याची खिडकी तशीच उघडी ठेवायचो आणि संगणक बंद करायचो.

मला ते पटेना. मग आम्ही पैज लावली. तिने सगळे मिटून संगणक बंद केला, सकाळी एकच खिडकी. मी उघडी ठेवून बंद केला, सकाळी दोन! ती टाळ्या वाजवून हसली. मी हरलो होतो, तरी मलाही हसू आवरेना.

आम्ही दोघे सेटिंगमध्ये शिरलो. सुरू होताना काय उघडायचे त्या यादीत काट्याचा प्रोग्राम होता, तो बरोबरच होता. पण शेजारी आणखी एक चौकट होती: बंद करताना जे उघडे असेल ते लक्षात ठेव. तिच्यावर बरोबरची खूण. म्हणजे संगणक कालच्या सगळ्या खिडक्या आठवून उघडायचा आणि यादीप्रमाणे वर एक नवी.

"आता खिडकी मिटत जा," बायको म्हणाली.

"मिटणार नाही. ती खूण काढ."

"काढते. पण आठवडाभर सकाळचा चहा तुमी करायचा."

मी पुष्कळ ताणले, ती तसूभरही मागे हटली नाही. खूण निघाली, साठवलेल्या जुन्या खिडक्या पुसल्या गेल्या. मग मी काटा उघडा ठेवूनच संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला. एकच खिडकी! मी पळत जाऊन फलाटावर उभा राहिलो.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय! लई वाढलंय राव, भाकरी कमी करा!"

रस्त्यावरचे लोक थांबून आमच्याकडे बघत होते. इतका आनंद मला काटा विकत घेतला त्या दिवशीही झाला नव्हता.

पण निमगाव सावाचा तो ट्रॅक्टर अजून माझ्या दारावरून पुढे जातो. त्याला अडवून मी कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही, कारण दोन काट्यांची गोष्ट टपरीवर सांगणारा दुसराच आहे. संगणक त्या मंचरवाल्याच्या दुकानातून आला तेव्हापासून ती खूण काढेपर्यंत मी त्या सेटिंगला हातही लावला नव्हता. तेव्हा ये बाबा, माझ्या फलाटावर उभा राहा, आणि त्या कांदेवाल्याच्या तोंडावर सांग: ती खूण कोणी लावली?